छोटा एथिकल कपड्यांचा ब्रँड आणि इंडस्ट्रीत नाव: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

घरातून किंवा छोट्या गाळ्यातून कपड्यांचा ब्रँड चालवणाऱ्या बऱ्याच जणी हल्ली एकच गोष्ट विचारतात, की आम्ही शिवणाऱ्या बायकांना नीट पैसे देतो, कापड फुकट घालवत नाही, केमिकलवाले स्वस्त रंग टाळतो, तरी इंडस्ट्रीत कोणी आम्हाला ओळखत का नाही, अवॉर्डच्या लिस्टमध्ये नेहमी तीच मोठी नावं का असतात. माझं काम ठाण्यातच आहे, जुन्या साड्या आणि कात्रणातून कपडे करायचं, आणि जे बघितलंय त्यावरून सांगते: तुमचं काम चांगलं असतं पण समोरच्याला ते तपासता येत नाही. बायर असो, ज्युरी असो, मासिकाचा माणूस असो, त्याला तुमच्या मनातला चांगुलपणा दिसत नाही, त्याला बिल दिसतं, हजेरी दिसते, शिलाईचा रेट दिसतो. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात अवॉर्डचा भाग शेवटी येतो आणि वहीचा भाग आधी येतो, क्रम बदलू नका.

सगळ्यात आधी ठरवा, नाव कोणाकडून हवंय

"इंडस्ट्री" म्हणजे एक ऑफिस नाही. डिझाइनच्या लोकांमध्ये नाव हवं असेल तर रस्ता फॅशन वीक, डिझाइन स्पर्धा, निफ्ट (सरकारी फॅशन संस्था) अशा बाजूने जातो. मोठ्या ऑर्डर हव्या असतील तर सर्टिफिकेट आणि ऑडिट लागतं, तिथे कलेक्शन किती सुंदर आहे हे दुसऱ्या नंबरवर. आणि लघुउद्योजक म्हणून ओळख हवी असेल तर जिल्हा उद्योग केंद्र, उत्कृष्ट लघुउद्योजकांचे जिल्हा पुरस्कार, ठाण्यातल्या टिसासारख्या लघुउद्योजकांच्या संघटना. पहिल्या दोन वर्षांत यातली एकच बाजू धरा, तिन्हीकडे पळालं की कपडे शिवायला वेळ राहत नाही.

उदाहरण हवं असेल तर आपल्या शेजारचंच आहे. आय वॉज अ सारी, २०१३ साली मुंबईत सुरू झालेला उपक्रम, जुन्या साड्यांपासून कपडे आणि बॅगा, शिवणाऱ्या इथल्याच वस्त्यांमधल्या बायका. २०१९ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमधलं पहिलं सर्क्युलर डिझाइन चॅलेंज (टाकाऊ मालाच्या पुनर्वापराची डिझाइन स्पर्धा) त्यांनी जिंकलं आणि त्याच वर्षी मिलानला ग्रीन कार्पेट फॅशन अवॉर्ड्समध्येही त्यांचा सन्मान झाला. म्हणजे सुरुवातीपासून साधारण सहा वर्षं, हे लक्षात ठेवा. आणि मटेरियल काय, तर आपल्या दारावर भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणी ज्या साड्या नेतात, तसंच.

वही

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सगळं इथेच आहे. प्रत्येक लॉटला, म्हणजे एकत्र कापून शिवलेल्या मालाला, एक पान. वर लॉट नंबर आणि तारीख, मग कापड कोणाकडून घेतलं, बिल नंबर, किती मीटर, त्यातून किती पीस निघाले, कात्रण किती किलो उरलं (हुकचा डिजिटल काटा मिळतो, भाजीवाल्यांकडे असतो तसा, तो घ्याच), कटिंग कोणी केलं, शिलाई कोणी केली, काज-बटण आणि धागा कटिंग कोणी केलं, एका पीसला किती मिनिटं लागली, रेट काय दिला, पैसे कोणत्या तारखेला दिले. पैसे शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे पुरावा आपोआप तयार होतो, आणि ज्या ताईंना रोखच हवे असतात (असतात, नवऱ्याच्या फोनवर अकाउंट असतं आणि त्यांना ते नको असतं, त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे) त्यांच्याकडून व्हाउचरवर सही घ्या. मग हळूहळू त्यांचं स्वतःचं खातं उघडायला सोबत बँकेत जा.

बोहारणींकडून साड्या घेत असाल तर बिल मिळणार नाही. तिथेही साधं छापील व्हाउचर करा: तारीख, नाव, किती नग, किती रक्कम, सही किंवा अंगठा. ऑडिटर हे मान्य करतो, त्याला शिक्का नको असतो, सलगपणा हवा असतो. आणि त्यांच्याशी घासाघीस करताना जपून, कारण तुमच्या टॅगवर तुम्ही "एथिकल" लिहिणार आणि साखळीतल्या सगळ्यात खालच्या बाईकडून पाच रुपये कापणार, हे जमत नाही.

कात्रणाचा आकडा का मागतात? साध्या कटिंगमध्ये कापडातलं साधारण दहा ते पंधरा टक्के कात्रण म्हणून जातं असं धरलं जातं. तुमचं त्यापेक्षा कमी असेल, किंवा कात्रणाचं तुम्ही गोधडी, पाउच, बटणं, काही करत असाल, तर तो किलोतला आकडा तुमच्याकडे असला पाहिजे. "आम्ही वेस्ट कमी करतो" हे कोणीही लिहितं, पण "४० मीटरमधून इतके पीस आणि इतके किलो कात्रण" असं लिहिलं की वाचणारा थांबतो.

पीस रेट नीट बसवा, इथेच बहुतेक ब्रँड उघडे पडतात

टेलर ताई घरी बसून पीसवर काम करते, बाजारात कुर्त्याचा रेट ६० आहे, आपण ७० देतो, म्हणजे आपण चांगले, असा बऱ्याच जणांचा हिशेब असतो. हा हिशेब उलटा करायला पाहिजे. समजा दिवसाला ५६० रुपये पडायला हवेत (हा आकडा फक्त समजावण्यासाठी घेतलाय) आणि दिवस आठ तासांचा, म्हणजे ४८० मिनिटं, तर मिनिटाला सव्वा रुपयाच्या आत-बाहेर, नेमकं १.१७. कुर्त्याला ९० मिनिटं लागत असतील तर रेट १०५ झाला पाहिजे. ६० च्या रेटने तिला आठ तासांत जेमतेम ३२० पडतात. आता ७० देऊन आपण किती चांगले आहोत ते बघा.

खरा आकडा घेताना महाराष्ट्रातलं किमान वेतनाचं टेबल बघा, ते परिमंडळानुसार (म्हणजे भागानुसार) वेगळं असतं आणि त्यातला महागाईचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून वर्षातून दोनदा रेट तपासायचा अशी आठवणच मोबाइलवर लावून ठेवा. आणि किमान वेतन ही तळाची पायरी आहे, तिथे पोचलो म्हणून टाळ्या वाजवायच्या नसतात. मिनिटं मोजताना सगळ्यात फास्ट ताईची मोजू नका, तीन-चार जणींची सरासरी घ्या. घरून काम असेल तर धागा, सुया, मशीनचं तेल, लाइट बिल, कळव्याहून नौपाड्यापर्यंत माल आणायचा रिक्षाखर्च, हे तिच्या खिशातून जातंय का ते विचारा आणि जात असेल तर रेटमध्ये धरा. सॅम्पल शिवायचे पैसे वेगळे द्या. ऑल्टर तुमच्या मापाच्या चुकीमुळे आलं असेल तर त्याचेही द्या.

हे केल्यावर कुर्त्याची किंमत वाढेल, वाढू दे. फक्त जीएसटीची रेघ लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून पीसची किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली की थेट १८ टक्के. २,६०० चा पीस ठेवायच्या आधी दोनदा विचार करा.

रंग आणि पाणी

आपल्या भागात राहून या विषयावर गप्प बसता येत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीत रस्त्यावरची कुत्री निळी झालेली सगळ्यांनी बातम्यांत बघितली, एका कारखान्यातून बाहेर आलेल्या रंगाने. उल्हासनगरच्या जीन्स वॉशिंगच्या पाण्याने वालधुनी नदीचं काय झालं ते तिथल्या माणसाला विचारा. त्यामुळे डाइंग बाहेरून करून घेत असाल तर डायरला दोन प्रश्न विचाराच: पाणी कुठे सोडता, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र दाखवता का. दाखवत नसेल तर दुसरा डायर शोधा, नाहीतर रंगवणं टाळा, आहे त्या रंगाच्या साड्या-सरप्लस कापडातून डिझाइन करा. भिवंडीत उरलेले तागे भरपूर मिळतात. पण उरलेलं कापड घेतलं म्हणून ते "ऑरगॅनिक" होत नाही, ते उरलेलंच कापड, टॅगवर तसंच लिहा, लोकांना आवडतं.

सरकारी कागद, पटकन

उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार-पॅनवर होतं, कोणाला दोन हजार देऊ नका. ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क क्लास २५ (कपड्यांचा वर्ग) मध्ये टाका, एकटीच्या नावावर किंवा उद्यम असलेल्या छोट्या धंद्याला ऑनलाइन फी ४,५०० आहे, बाकीच्यांना ९,०००. पॅक करून विकत असाल तर एमआरपी, साइज, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कस्टमर केअर नंबर हे सगळं लेबलवर पाहिजे. आणि एक स्थानिक गोष्ट: ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत तुमचं जिल्हा उद्योग केंद्र ठाण्याचं, पण खारघर-कामोठे-पनवेल रायगडमध्ये येतं, चुकीच्या दारात जाऊन बसू नका.

झेड सर्टिफिकेट (ZED, "झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट", सरकारी योजनेतलं) करून घ्या असं मी आग्रहाने सांगेन, उत्पादन करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठीच आहे, ब्राँझपासून सुरुवात होते आणि बाईच्या नावावर उद्योग असेल तर फी पूर्ण माफ. यातून फॅशनमध्ये नाव होत नाही, पण वही, सेफ्टी, साफसफाई सगळी एकदा शिस्तीत बसते आणि पुढचं ऑडिट सोपं जातं.

कोणतं सर्टिफिकेट काय सांगतं

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून सविस्तर.

गॉट्स म्हणजे ऑरगॅनिक कापडाचं जागतिक स्टँडर्ड. "ऑरगॅनिक" लेबलला किमान ९५ टक्के ऑरगॅनिक धागा लागतो, "मेड विथ ऑरगॅनिक" ला किमान ७०. यात रंग-केमिकल आणि कामगारांचे नियमही आहेत. पण महत्त्वाचं हे, की साखळीतलं प्रत्येक युनिट सर्टिफाइड लागतं. कापडवाल्याकडे गॉट्स आहे, पण शिलाई तुमच्या कळव्याच्या खोलीत होते जिथे गॉट्स नाही, तर तुमच्या कुर्त्यावर तो लोगो लावता येत नाही. दुकानदार तोंडी सांगतो "मॅडम ऑरगॅनिक आहे", त्याच्याकडून त्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (तोच माल सर्टिफाइड आहे असं सांगणारा कागद) मागा, तेवढ्यानेच खरं-खोटं कळतं.

ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० कापडात घातक केमिकल आहे का एवढंच तपासतं. शिवणाऱ्या बाईला किती मिळाले याच्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे तो लोगो दाखवून "एथिकल" म्हणू नका.

हँडलूम मार्क २००६ पासून आहे, हातमागावर विणलेल्या कापडासाठी, तो देणाऱ्या वस्त्र समितीचं ऑफिस प्रभादेवीला आहे. खादी शब्दाची गंमत करू नका, २०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार खादी ग्रामोद्योग आयोगाची नोंदणी असल्याशिवाय माल "खादी" म्हणून विकता येत नाही. पैठणीला, सोलापुरी चादरीला जीआय (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं अशी नोंदणी) आहे, त्यामुळे पॉवरलूमच्या पैठणी काठाला "पैठणी" म्हणणं येवल्याच्या विणकराच्या पोटावर पाय देणं आहे.

छोट्या ब्रँडने लगेच गॉट्सच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दरवर्षी इन्स्पेक्शन, दरवर्षी फी, महिन्याला शंभर पीसवर ते परवडत नाही. आधी सर्टिफाइड माल घेऊन, सर्टिफाइड युनिटकडून एखादा लॉट शिवून बघा. जुन्या साड्यांचं काम असेल तर गॉट्स लागूच होत नाही, तुमचा पुरावा वेगळा आहे, तो वहीतला.

शब्द जपून वापरा

१५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरुद्ध (पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांविरुद्ध) मार्गदर्शक तत्त्वं आणली. इको-फ्रेंडली, ग्रीन, नॅचरल, सस्टेनेबल असं मोघम लिहायचं असेल तर पुरावा आणि नेमका खुलासा द्यावा लागतो, टॅगवर क्यूआर देऊन तिकडे माहिती दिली तरी चालते. छोट्या ब्रँडला हे खरं तर वरदान आहे, कारण तुमच्याकडे वही आहे. "१०० टक्के सस्टेनेबल" च्या जागी "अंग जुन्या सुती साडीचं, अस्तर नवीन कॉटन, शिलाई कळवा, पीसमागे शिलाई १०५ रुपये" असं लिहा. मी पैज लावते, हे वाचून गिऱ्हाईक टॅग घरी नेतं.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या मुली. त्यातूनच फॅशन रिव्होल्यूशन ही चळवळ उभी राहिली आणि "माझे कपडे कोणी शिवले" हा प्रश्न जगभर विचारला जायला लागला. दर एप्रिलमध्ये त्या आठवड्यात तुमच्या शिवणाऱ्यांची ओळख करून द्या, त्या दिवसांत या विषयावर लिहिणारे पत्रकार आणि बायर शोधतच असतात. पण प्रत्येकीला आधी विचारून. काहींना फोटो नको असतो, काहींना फक्त पहिलं नाव चालतं, काहींना घरच्यांना कळायला नको असतं. नाही म्हणाली तर हातांचा फोटो, तोही नको म्हणाली तर काहीच नाही.

कुठे दिसायचं

खारघरचं निफ्ट आपल्या दारात आहे आणि लोक तिकडे फिरकत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की थेट खारघर. इंटर्न घ्या (पगार देऊन, फुकट नाही), विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी तुमचं युनिट दाखवा, ग्रॅज्युएशन शोला जा. आज जी मुलगी तुमच्याकडे कात्रण मोजते ती चार वर्षांनी एखाद्या मोठ्या ब्रँडमध्ये सोर्सिंगला असते आणि तिला तुमचं नाव आठवतं. इंडस्ट्रीत ओळख बहुतेक वेळा अशीच होते.

विक्रीसाठी बेलापूरचं सिडको अर्बन हाट, वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर, ठाण्यात गावदेवी मैदानाची प्रदर्शनं, घोडबंदरच्या सोसायट्यांचे दिवाळी स्टॉल. बचत गटासोबत काम करत असाल तर माविम आणि उमेद या बचत गटांसोबत काम करणाऱ्या सरकारी यंत्रणांच्या लोकांशी बोला, महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल गटाला मिळतो. स्टॉलवर दोन वह्या ठेवा, एक ऑर्डरची आणि एक अशी, की कोण येऊन काय विचारून गेलं. बायर कधीच "मी बायर आहे" म्हणत येत नाही, तो शिवण उलटी करून बघतो आणि विचारतो महिन्याला किती पीस होतात. खरा आकडा सांगा.

अर्ज भरताना

सर्क्युलर डिझाइन चॅलेंज, फॅशन वीकचं नवख्या डिझायनरांसाठीचं जेन-नेक्स्ट, निरनिराळ्या डिझाइन स्पर्धा, सगळ्यांचा फॉर्म थोड्याफार फरकाने सारखाच असतो: काय करता, कसं करता, किती फरक पडला, पुढे काय. आपण लोक पहिल्या प्रश्नात भावनिक होऊन दोन पानं लिहितो आणि तिसऱ्यात एक ओळ. उलटं करा. वर्षभरात किती किलो कापड वाचलं, किती जणींना किती महिने सलग काम मिळालं, रेट कितीवरून किती झाला, हे वहीतून काढून तीन-चार आकडे द्या आणि शेजारी वहीच्या पानाचा फोटो जोडा, हाताने लिहिलेलं पान चालतं. कपड्याचे फोटो दिवसाच्या उजेडात, पुढून, मागून आणि आतून, आतली शिवण ज्युरी बघतेच. जे जमलेलं नाही तेही लिहा, उदाहरणार्थ चेन आणि इलास्टिक अजून साधंच वापरतो, कारण जाणकार माणूस ते विचारणारच असतो. मराठीत विचार करून मराठीत लिहा आणि मग एखाद्या मैत्रिणीकडून इंग्रजी करून घ्या, थेट इंग्रजीत लिहिलं की सगळे अर्ज एकसारखे वाचायला लागतात.

पैसे भरून मिळणारे अवॉर्ड

हे मला मनापासून सांगायचंय कारण यात खूप जणींचे पैसे जातात. इन्स्टावर मेसेज येतो, "तुमची निवड झाली आहे, मोस्ट सस्टेनेबल ब्रँड ऑफ द इयर", मग कळतं की ट्रॉफी, स्टेज आणि फोटोसाठी पॅकेज आहे, पंधरा हजार, पंचवीस हजार, कधी त्याहून जास्त. तुम्ही अर्ज केलेला नसतो, कोणी तुमचा कपडा हातात घेतलेला नसतो, ज्युरीची नावं विचारली की "लवकरच जाहीर करू" येतं. खरी एंट्री फी असणारे चांगले पुरस्कारही आहेत, त्यामुळे फी आहे म्हणजे खोटंच असं नाही. बघायचं ते एवढं: निकष आधी छापलेत का, ज्युरी कोण आहे, मागच्या वर्षीच्या विजेत्यांना फोन करून विचारता येतं का, आणि निवड झाल्यावर पैसे मागतात की अर्जासोबत. निवड झाल्यावर मागत असतील तर सरळ नाही म्हणा. त्या पंचवीस हजारांत एका ताईची चांगली ओव्हरलॉक मशीन येते.

नाव झाल्यावर लगेच

बातमी आली की दोन आठवड्यांत चौकशा वाढतात आणि एखादा मोठा ब्रँड म्हणतो, पाचशे पीस द्या, महिन्यात. इथे घाईने "हो" म्हटलं की माल बाहेरच्या युनिटला जातो, तिथला रेट तुम्हाला माहीत नसतो, आणि ज्यासाठी नाव झालं तेच हातातून जातं. तुमच्या वहीत पीसची मिनिटं आहेत, त्यावरून मोजा, चार जणी महिन्यात खरोखर किती करू शकतात, आणि तेवढीच ऑर्डर घ्या, उरलेली पुढच्या महिन्यात. बाहेर द्यावीच लागली तर बायरला लेखी कळवून, आणि त्या युनिटमध्ये स्वतः जाऊन रेट बघून.

पेमेंटच्या अटी पीओवर (बायरच्या लेखी खरेदी ऑर्डरवर) लिहून घ्या. ऑर्डर घ्यायच्या आधी उद्यम काढलेलं असेल आणि बिलावर तो नंबर असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडकवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, शिवाय वेळेत न दिलेली रक्कम बायरला त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंटंट मार्च जवळ आला की स्वतःहून फोन करतो. निम्मा ॲडव्हान्स मागायला लाजू नका, कापड आणि शिलाईचे पैसे तुम्हाला आधी द्यायचे असतात आणि ताईंचा पगार बायरच्या चेकची वाट बघत थांबता कामा नये.